अनुस्वार नंतर आले

हिंजवडी,
६ जानेवारी २०२५

यज्ञेश्वरकाका,

नमस्कार. वडीलधाऱ्यांच्या पत्रात सुरुवातीला काय लिहायचं ते इंटरनेटवर शोधलं, तीन ठिकाणी तीन प्रकार सापडले, म्हणून नुसताच नमस्कार. मी वल्लरी, तुमचे मित्र बाळ शेवडे यांची मुलगी. बाबा गेले तेव्हा तुम्ही आला होतात. निघताना माझ्या हातात पत्ता लिहिलेला कागद देऊन म्हणालात, "काही लागलं तर लिही. फोन करू नकोस. मला फोनवर ऐकू येत नाही आणि जे ऐकू येतं ते पटत नाही." आता लागलंय.

काड्यापेट्यांची लेबलं, गोळ्यांचे कागद, बिस्किटांच्या पुड्यातली चित्रं असं काय काय तुम्ही जमवता, आणि एकच चित्र पहिल्या छपाईचं की दुसऱ्या हे नुसतं बघून सांगता, असं बाबा कौतुकानं सांगायचे. सोबत सारंग बिस्किटांच्या पुड्यात मिळायची ती पक्ष्यांची कार्डं पाठवतेय. पुढे चित्र, मागे माहिती. साल कुठेच नाही. मला एवढंच हवंय की ही कधी छापली.

कशासाठी ते सांगते, नाहीतर तुम्ही सावकाश बघाल. माझी नंदामावशी, आईची थोरली बहीण, अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे आणि सहकारनगरला एकटी राहते. दिवाळीपासून ती सांगतेय की ही चित्रं तिनं काढली. लग्नाआधी, एकोणसत्तरच्या सुमारास, ती सारंगमध्ये कामाला होती म्हणे. आमच्या घरात हे कुणीही कधी ऐकलेलं नाही. आई असती तर तिला विचारलं असतं. कार्डांवर नाव नाही, कंपनी बंद होऊन जमाना झाला. मावशी अलीकडे विसरते, हे खरं आहे. एकदा गॅस चालू राहिला. एकदा तिनं दूधवाल्याला काकांच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, नावानं हाक मारली. डॉक्टरांनी शौनकला, म्हणजे तिच्या मुलाला, विचारलं, "घडलेलंच नाही असं काही सांगतात का?" त्यानं पक्ष्यांचं सांगितलं. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं.

शौनक मार्चमध्ये दोन वर्षांसाठी जर्मनीला जातोय. लोणी काळभोरच्या पुढे वृद्धांसाठी एक जागा आहे, तिथं तो तिला ठेवणार आहे. मावशी म्हणते, मला जायचं नाही. तो म्हणतो, "तिच्या नाहीला काय अर्थ आहे वल्लरी? ती पक्षी काढले असंही म्हणते." मी खूप भांडले. शेवटी तो म्हणाला, "ओके, प्रूव्ह कर. पक्षी खरे निघाले तर मी सगळं थांबवतो." तो वाईट नाही काका. तो घाबरलाय आणि घाईत आहे, आणि घाईतली माणसं कशी वागतात ते मी आमच्या ऑफिसात रोज बघते.

तुमच्यापासून काही लपवायचं नाही म्हणून हेही लिहिते. मावशी मध्येच काहीतरी भलतंच बोलते. "सुईनं टिंबं टोचून टोचून डोळे फुटायची वेळ आली होती," असं म्हणते. कसली टिंबं म्हणून विचारलं की चिडते आणि स्वयंपाकघरात निघून जाते.

कंपनीच्या बसमध्ये लिहितेय. बस अर्ध्या तासात एक सिग्नल सरकली आहे, त्यामुळे अक्षर असं आलंय. प्लीज लवकर बघा.

वल्लरी


शुक्रवार पेठ, पुणे
११ जानेवारी

चि. वल्लरी,

पत्र आणि कार्डं पोचली. कार्डं रबरबँडनं बांधून पाठवली होतीस. रबर लावणाऱ्या माणसांसाठी नरकात वेगळी खोली असणार, तुला बाळची मुलगी म्हणून सोडून देतो. पुढच्या वेळी पातळ कागदात गुंडाळून मग पाकिटात घालावीत.

'लवकर बघा' असं लिहिलंस म्हणून लवकर बघितली. या कार्डांच्या दोन छपाया आहेत आणि तुझ्या जुडग्यात दोन्ही आहेत. चित्रं तीच. पाठीमागचा मजकूरही शब्दाला शब्द तोच. फरक फक्त शुद्धलेखनाचा आहे. तुझ्याकडची दोन्ही खंड्याची कार्डं शेजारी ठेवून बघ. एकावर 'हा पक्षी मातीत बीळ करून राहतो. त्याचे अन्न मासे' असं आहे. दुसऱ्यावर 'मातींत' आणि 'त्याचें' आहे, म्हणजे न उच्चारायचे अनुस्वार सगळे जागच्या जागी. तुझ्या पिढीला हे ठाऊक असेल असं गृहीत धरत नाही, म्हणून सांगतो. एकोणीसशे बासष्ट साली नवे नियम आले आणि हे अनुस्वार मराठीतून गेले. तेव्हा अनुस्वार असलेली छपाई बासष्टच्या आधीची आणि नसलेली नंतरची. दोन्हींवर कारखान्याचा पत्ता 'पुणे २' असा आहे, पिनकोड नाही, म्हणजे दोन्ही बहात्तरच्या आतल्या. माझ्या या छंदात इतकी सरळ खूण क्वचित मिळते. पुण्यात छापलेल्या कागदाचं वय शुद्धलेखनावरून सांगता येतं, त्याला भिंगसुद्धा लागत नाही.

आता याचा अर्थ मला लिहावा लागतोय. अनुस्वारवाली छपाई आधीची असेल तर ही चित्रं बासष्टच्या आधीच काढलेली होती. तुझ्या मावशी तेव्हा पंधरा वर्षांच्या असणार. एकोणसत्तर साली त्यांनी सारंगमध्ये काम केलंही असेल, पण ही चित्रं त्यांची नव्हेत.

टिंबांच्या बाबतीत मला काही सांगता येत नाही. तो डॉक्टरांचा विषय.

मनाला लावून घेऊ नकोस. माणूस जे रोज पाहतो ते आपणच केलं असं त्याला म्हातारपणी वाटायला लागतं. मलाही हल्ली वाटतं की माझ्या संग्रहातली अर्धी लेबलं मीच छापली. कार्डं परत पाठवतोय, पातळ कागदात गुंडाळून.

यज्ञेश्वर


हिंजवडी,
१८ जानेवारी

काका,

तुमचं पत्र मिळालं. मी ते शौनकला दाखवलं नसतं. पण पाकीट माझ्या टेबलावर होतं आणि तो गाडीच्या किल्ल्या घ्यायला आला होता. त्यानं उभ्याउभ्या वाचलं, फोटो काढला आणि कल्याणीवहिनीला, म्हणजे त्याच्या बायकोला, पाठवला. मला एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, मला कुणाशी तरी भांडायचं होतं.

तुमच्यावर राग आला, खोटं कशाला सांगू. दोन दिवस ऑफिसात एका जागी बसवलं नाही. मीटिंगमध्ये कुणी काही विचारलं की मी "परत सांगाल का" म्हणत होते. तुम्ही चुकला असाल असं वाटायचं, मग तुम्ही कसे चुकाल असं वाटायचं. घरी आले की खंड्याची दोन कार्डं शेजारी ठेवायची, टिंबं मोजायची, उठायचं, परत येऊन मोजायची.

शेवटी काल संध्याकाळी मावशीकडे गेले. तिला काही सांगायचं नाही असं ठरवून गेले होते, पण ती माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाली, "काय म्हणाले तुझे ते कागद जमवणारे?" मग सांगितलं. कार्डं दाखवली. म्हटलं, हे अनुस्वारवालं कार्ड जुनं आहे मावशी, तू पंधरा वर्षांची होतीस तेव्हाचं.

ती हसली. राग नाही, चिडणं नाही, नुसती हसली आणि म्हणाली, "अनुस्वार? अगं, ते नंतर आले."

काका, त्या क्षणी माझा विश्वास संपला. अनुस्वार गेले, हे मला तुमचं पत्र वाचून कळलं, पण बाकी सगळ्या पुण्याला शाळेपासून माहीत आहे. आणि ती म्हणते आले! सगळं उलटं झालंय तिच्या डोक्यात. मी मान हलवली आणि चहा करायला उठले. ती मागून म्हणाली, "तूसुद्धा?" मी ऐकलं नाही असं दाखवलं. गॅसपाशी उभी राहून रडले.

शौनकनं दिवस ठरवला आहे. आधी एक महिना ट्रायल, मग बघू, असं तो म्हणतो. ट्रायल म्हणजे काय ते आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना नीट माहीत असतं.

तुम्हाला त्रास दिला. क्षमा करा.

वल्लरी


शुक्रवार पेठ,
२२ जानेवारी

वल्लरी,

थांबव. काय वाटेल ते सांग, पण शौनकला थांबव.

तुझ्या पत्रातल्या एका वाक्यापायी मी कालपासून घरभर फेऱ्या घालतोय. 'अनुस्वार नंतर आले.' डोकं फिरलेलं माणूस चुकतं, पण इतकं मुद्देसूद चुकत नाही. आणि हसतही नाही.

मी एक गोष्ट विसरलो होतो, आणि विसरण्याचा आरोप दुसऱ्यावर करून मोकळा झालो होतो. बासष्ट साली नियम आले, पण ते सगळ्यांनी पाळले कुठे? माझे वडीलच मरेपर्यंत 'घरांत' आणि 'दारांत' लिहीत. अनुस्वार नसलेलं पत्र आलं की ते वाचायच्या आधी लाल शाईनं दुरुस्त करीत आणि मग उलट टपाली पाठवून देत. आमच्या घरी लग्नपत्रिकासुद्धा अशा परत गेल्या आहेत. मग एखाद्या कारखान्याचा मालक तसाच असेल तर? आधी नव्या नियमानं छापून झालं आणि मग त्याचं डोकं भडकलं, असं झालं असेल तर?

पण 'असेल तर' एवढ्यावर तुझा शौनक थांबणार नाही, मीही थांबलो नसतो. मला सगळी कार्डं हवीत. मावशींकडे जेवढी असतील तेवढी, एकाच पक्ष्याच्या जोड्या असतील तर उत्तम. मी तुझी कार्डं परत पाठवायला नको होती. ताबडतोब पाठव. रबरबँड लावून पाठवलीस तरी चालेल.

यज्ञेश्वर


हिंजवडी,
२ फेब्रुवारी

काका,

उशीर झाला. तुमचं पत्र आलं त्याच्या आदल्या दिवशी मावशी लोणीला गेली.

गेली म्हणजे नेली. मी पाठीमागच्या सीटवर तिच्याबरोबर होते. ती भांडली नाही. स्वारगेटपाशी गाडी अडकली तेव्हा फक्त एकदा म्हणाली, "शौनक, मला नाही जायचं रे." तो म्हणाला, "आई, एक महिना फक्त." हडपसरच्या पुढे तिनं मला उसाच्या शेतावरचे बगळे दाखवले आणि त्यातला कुठला गायबगळा ते सांगितलं.

जागा चांगली आहे हो. स्वच्छ आहे, माणसं प्रेमळ आहेत, बाग आहे. मी काहीतरी वाईट सापडतंय का म्हणून सगळीकडे नाक खुपसून आले, काही सापडलं नाही. मुक्ताई नावाच्या एक बाई तिच्या खोलीत असतात, त्या स्वभावानं मोकळ्या आहेत, म्हणाल्या, "आमच्याकडं समद्या रडत येत्यात, ह्या न रडता आल्या, त्याचंच मला भ्या वाटतंय."

तुमचं 'थांबव' मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वाचलं. शौनकला फोन केला. तो म्हणाला, "वल्लरी, आधी ते काका म्हणाले शक्य नाही, आता म्हणतात शक्य आहे. त्यांचंही वय काय आहे?" मी फोन ठेवून दिला.

सहकारनगरच्या घराची किल्ली माझ्याकडे आहे. काल जाऊन तिच्या कपाटातला पत्र्याचा डबा घेतला. बंद घरात चोरासारखं वाटलं. त्यात कितीतरी कार्डं आहेत, सगळी पाठवतेय, पातळ कागदात. खरं सांगायचं तर आता मला भीती दोन्ही बाजूंनी वाटते. ती खोटी ठरली तर ती आजारी आहे. खरी ठरली तर आम्ही काय करून बसलोय?

वल्लरी


शुक्रवार पेठ,
८ फेब्रुवारी

वल्लरी,

हे पत्र शौनकला वाचायला दे. त्याच्यासाठीच सोपं करून लिहितोय, तो माझं वय विचारतो म्हणून जरा जास्तच सोपं.

एक. डब्यातली खंड्याची सगळी कार्डं मी रांगेत मांडली. बिनअनुस्वाराच्या कार्डांवर पक्ष्याची छाती स्वच्छ आहे. अनुस्वाराच्या प्रत्येक कार्डावर छातीतून चोचीकडे केसासारखी एक काळी रेघ गेलेली आहे. तांबट, दयाळ आणि वेड्या राघूच्या बाबतीतही तेच, जागा वेगळ्या, पण ओरखडे फक्त अनुस्वाराच्या कार्डांवर. ही रेघ मूळ चित्रातली नव्हे. चित्राचा फोटो घेऊन जी निगेटिव्ह करतात तिच्यावर पडलेला तो ओरखडा आहे. निगेटिव्ह म्हणजे काही आपली कातडी नव्हे, ओरखडा पडला की तो बरा होत नाही. तेव्हा स्वच्छ कार्डं आधी छापली आणि ओरखड्याची नंतर. म्हणजे अनुस्वार नंतर आले. मावशींचे शब्द जसेच्या तसे.

पिनकोड नसल्यामुळे दोन्ही छपाया बहात्तरच्या आतल्या, हे मी आधीच लिहिलं होतं, ते बरोबर होतं. आणि पहिलीच छपाई जर बासष्टच्या नियमांनी केलेली असेल, तर ती बासष्टच्या नंतरची. एकोणसत्तर साल त्यात आरामात बसतं. अडथळा होता तो मीच घातलेला होता.

आता दुसरी गोष्ट, आणि ती पाहून मी भिंग खाली ठेवलं आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो. छापखान्यातल्या शिशाच्या खिळ्यांच्या अक्षरांतला अनुस्वार गोल गरगरीत असतो आणि सगळीकडे एकाच मापाचा असतो. या कार्डांवरचे अनुस्वार तसे नाहीत. कुठला लहान, कुठला मोठा, कुठला शिरोरेषेला चिकटलेला, कुठला उडून वर गेलेला. एके ठिकाणी तर 'हा पक्षी' चं 'हा पक्षीं' झालंय, जे जुन्या काळातल्या कुठल्याही पंतोजीनं चालवून घेतलं नसतं. हा मजकूर नव्यानं जुळवलेला नाही. निगेटिव्हमध्ये अक्षरं पारदर्शक असतात आणि बाकीचा भाग काळा. त्या काळ्या भागाला सुईनं भोक पाडलं की छपाईत तिथं ठिपका उमटतो. कुणीतरी बसून एकेका अनुस्वारासाठी एकेक भोक पाडलं आहे. चोवीस पक्षी, त्यांचे सगळे 'मातींत' आणि 'पाण्यांत' आणि 'त्याचें'.

'सुईनं टिंबं टोचून टोचून डोळे फुटायची वेळ आली होती.' हे तू मला पहिल्याच पत्रात कळवलं होतंस आणि तो डॉक्टरांचा विषय आहे असं उत्तर मी दिलं होतं.

शौनक, मी ही कार्डं चाळीस वर्षं ओळखतो आणि हे मला माहीत नव्हतं. कुठल्या पुस्तकात नाही, कुणा संग्राहकाला ठाऊक नाही. हे फक्त त्या बाईला माहीत असू शकतं जी तेव्हा सारंगच्या चित्रखात्यात त्या निगेटिव्हपाशी सुई घेऊन बसली होती. बाहेरचा माणूस ते कल्पनेनं रचू शकत नाही. चित्रांवर सही नाही, तेव्हा ती त्यांनीच काढली याची शपथ मी घेणार नाही. पण टिंबांच्या बाबतीत ज्या बाई इतक्या खऱ्या निघाल्या, त्या पक्ष्यांच्या बाबतीत खोटं बोलत असतील असं मानायला माझ्याजवळ एकही कारण उरलेलं नाही.

वल्लरी, माझ्या पहिल्या पत्रानं एक माणूस घरातून उठला. मला त्याची फार लाज वाटते. शुद्धलेखनावरून माणसांची परीक्षा करायची ही आम्हा पेठेतल्या लोकांची जुनी खोड, या वेळी ती कुणाला तरी महागात पडली. मावशींना माझी क्षमा कळव. नाहीतर नको, मीच वेगळं लिहितो. लोणीचा पत्ता पाठव.

यज्ञेश्वर


हिंजवडी,
१३ फेब्रुवारी

काका,

घाईत दोन ओळी. पत्र शौनकला दिलं. त्यानं गाडीत बसून वाचलं, मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. "टिंबांचं मला कधीच सांगितलं नव्हतंस," असं मला म्हणाला. मी म्हटलं, मी सांगितलं होतं, मावशीनंही सांगितलं होतं, तू डॉक्टरांना फक्त पक्ष्यांचं सांगितलंस. रविवारी आम्ही दोघं लोणीला जातोय. तो वाटेत तिच्यासाठी पेढे घेणार म्हणतोय, जणू काही ती परीक्षा पास झालीये. मीटिंगला उशीर झालाय. पत्ता खाली देते.

वल्लरी


सहकारनगर, पुणे
२४ फेब्रुवारी

श्री. यज्ञेश्वर यांस,

आपलं पत्र लोणीहून फिरून इकडे आलं. क्षमेबद्दल आभार. ती केली आहे, पण सहजासहजी केली असं समजू नये.

आपण विचारलेल्या गोष्टींची उत्तरं आधी देते, नाहीतर राहून जातील. हो, मी विसरते. काल काय जेवले ते आज सांगता येत नाही. पण एकोणसत्तर साली काय केलं ते मला दिसतं. पक्षी मीच काढले. पर्वतीच्या पायथ्याशी आणि मुठेच्या काठी बसून काढले, काही पेशव्यांच्या बागेतल्या पिंजऱ्यांपुढे उभं राहून. सारंगचे मालक गृहस्थ चांगले होते, पण पहिली कार्डं बाजारात गेली आणि त्यांना कुणा हेडमास्तरांचं पत्र आलं की तुमच्या पक्ष्यांना शुद्धलेखन येत नाही. मालक जुन्या वळणाचे, त्यांना ते झोंबलं. मजकूर पुन्हा जुळवायला वेळ नव्हता, म्हणून मला म्हणाले, तुमचा हात हलका आहे, तुम्ही टोचा. मी टोचले. 'पक्षीं' ही चूक माझी. त्या दिवशी मला पाहायला मंडळी येणार होती आणि माझं लक्ष नव्हतं. त्याच मंडळींत माझं लग्न झालं आणि लग्नानंतर कामाचा विषय घरात कुणी काढला नाही. मीही काढला नाही. का काढला नाही, हे आपण विचारलंत. कुणी विचारलं नाही म्हणून.

आता त्या रविवारचं. वल्लरीनं आपल्याला सांगितलं असेलच, पण तिला फार रडू येत होतं, तिनं अर्धं ऐकलं नसेल.

दोघं आली. शौनकनं आपलं पत्र मला मोठ्यानं वाचून दाखवलं, मुक्ताईसुद्धा ऐकत बसल्या. मग त्यानं पेढ्यांचा पुडा उघडला आणि म्हणाला, "आई, सॉरी. तू खरं बोलत होतीस. सगळं सिद्ध झालं." मुक्ताई म्हणाल्या, "घ्या वं पेढा, आता तुमी खऱ्या झाल्या."

मी पेढा घेतला नाही. आयुष्यात मी मुलाला क्वचितच लागेल असं बोलले असेन, त्या दिवशी बोलले. म्हटलं, "पक्ष्यांना ओरखडे होते म्हणून तुला ते पटले. एक परका गृहस्थ महिनाभर भिंग घेऊन बसला तेव्हा पटले. मला इथं राहायचं नाही, हे मी तुला त्याच तोंडानं सांगत होते रे. पक्षी मी काढले नसते, सगळं डोक्यातलं निघालं असतं, तर मला इथं राहायचं नाही हे खोटं ठरलं असतं का? त्याला मी भिंग कुठून आणू?"

वल्लरी खिडकीकडे तोंड करून उभी होती. मला वाटलं, आता हा चिडेल, तिकिटाचं बोलेल, डॉक्टरांचं बोलेल. त्याच्या जागी मी असते तर मी बोलले असते. मला रात्रंदिवस सोबतीला बाई लागणार, गॅसला कुलूप लागणार, त्याचं जाणं लांबणार, हे सगळं मला कळत होतं. मी विसरते, पण मला कळतं.

तो बराच वेळ पेढ्यांच्या पुड्याचा दोरा बोटाला गुंडाळत बसला होता. लहानपणी ओरडा खाल्ला की असाच बसायचा. मग त्यानं विचारलं, "आई, तुला काय हवंय?"

मी म्हटलं, मला घरी जायचंय.

या वेळी त्यानं पुरावा मागितला नाही.

नंदा